पैनगंगेच्या वळशात

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पैनगंगा सरळ वाहत नाही. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी वाशीम आणि हिंगोलीकडून आग्नेयेला उतरते, हदगाव आणि हिमायतनगर तालुक्यांच्या कडेने किनवटपर्यंत येते आणि तिथून उत्तरेकडे वळते. माहूरच्या डोंगरांना वळसा घातल्यावर ती पुन्हा पूर्वेची वाट धरते. या वळशाच्या पोटात यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याचा जंगलपट्टा आहे. त्याच्या तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला डोंगर व रान असल्याने तो भर पावसाळ्यात बाहेरच्या जगापासून जवळजवळ तुटतो. आसपासचे लोक या पट्ट्याला ‘बंदी भाग’ म्हणतात. नकाशावर ते बेट नाही, पण ओढ्यांना पूर आला की तिथल्या माणसांचे जगणे बेटावरच्या जगण्यासारखेच होते. पैनगंगा अभयारण्य याच वळशात वसले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौरस किलोमीटर आहे. नदीच्या अलीकडे, नांदेडच्या बाजूला, किनवट आणि माहूर हे दोन तालुके येतात.

मराठवाडा म्हटले की काळी रानं, तूर-सोयाबीन, उघडे माळ आणि उन्हाळ्यातले टँकर डोळ्यांपुढे येतात. लातूर, औसा, निलंगा, मुखेड, कंधार या भागांपुरते ते चित्र बरेचसे खरे आहे, पण किनवट-माहूरला ते लागू पडत नाही. इथे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डोंगरउतारांवर सागाचे रान आहे आणि त्या रानात गोंड, कोलाम, आंध, प्रधान या समाजांची गावे आहेत. किनवट आणि इस्लापूरचा प्रदेश पूर्वी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि मुधोळ तालुका आदिलाबादकडे गेला. प्रशासनाने हा भाग मराठवाड्यात आणला खरा, पण त्याची माती, झाडे आणि जनावरे विदर्भ-तेलंगणाच्या वनपट्ट्याशी नाते सांगतात. म्हणूनच लातूर-नांदेडच्या माणसाला दोन-तीन दिवसांत अगदी वेगळा निसर्ग पाहायचा असेल, तर घराजवळचे सर्वांत चांगले ठिकाण हेच आहे. नदीच्या प्रवाहाबरोबर सहस्रकुंड, किनवट, माहूर आणि उनकेश्वर असा क्रम धरला की पाहण्याची संगतीही आपोआप लागते.

सहस्रकुंडचा धबधबा नांदेडहून साधारण शंभर किलोमीटरवर, इस्लापूरजवळ आहे. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशनही आहे. धबधबा ऐन नदीपात्रात असल्यामुळे एक काठ नांदेडचा, तर दुसरा यवतमाळचा. त्या काठावर उमरखेड तालुक्यातले मुरली हे गाव आहे. धबधब्याची उंची फार नाही, तीस-चाळीस फूट असेल. पण सह्याद्रीतल्या शेकडो फूट उंचीच्या धारांपेक्षा त्याची जातच निराळी आहे. तिथे एखादा ओढा कड्यावरून कोसळतो, इथे अर्धे पात्र व्यापून आख्खी नदी खाली येते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी गढूळ, तांबूस-तपकिरी असते. ते काळ्या कातळाच्या अनेक फटींतून एकाच वेळी खाली झेपावते आणि तुषारांचा पडदा काठावरच्या महादेवाच्या देवळाच्या दिशेने सरकत राहतो. पूर ओसरला की एका पाण्याच्या चार-पाच वेगळ्या धारा होतात. मार्चनंतर बहुतेक कातळ कोरडा पडतो. धबधब्याचा आवाज ऐकायचा असेल तर पावसाळा गाठावा. तो घडला कसा हे समजून घ्यायचे असेल तर मात्र दिवाळीनंतरचे, पाणी उतरलेले दिवस अधिक चांगले.

दख्खनच्या पठाराचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा एकदाच वाहिला नाही. एक थर थिजून थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा, असे थर साचत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट आणि टणक बनला. माथ्याच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि तिथला खडक सच्छिद्र, ठिसूळ राहिला. पुढे या छिद्रांत पांढरे स्फटिक आणि गारगोट्या भरल्या. नदी वाहताना ठिसूळ थर लवकर झिजतो आणि टणक थर टिकून राहतो. जिथे टणक थराची कड उघडी पडते तिथे पात्राला पायरी येते, आणि त्या पायरीवरून पडणारे पाणी तळाचा मऊ खडक पोखरत राहते. आधार गेला की वरचा टणक खडक तुकड्या-तुकड्यांनी ढासळतो. त्यामुळे धबधबा एका जागी राहत नाही, हळूहळू उगमाच्या दिशेने मागे हटत जातो. नायगाराच्या बाबतीतही हेच घडते. तिथे खडक चुनखडी आणि शेलचे आहेत, इथे बेसाल्टचे, एवढाच फरक.

सहस्रकुंडला ज्यामुळे हे नाव मिळाले ती कुंडे पाणी उतरल्यावर दिसतात. कातळात गोल तोंडाची, गुळगुळीत भिंतींची लहानमोठी विवरे पडलेली आहेत. काही ओंजळीएवढी, काही माणूस उभा राहील इतकी खोल. काही ठिकाणी शेजारची दोन विवरे रुंदावत रुंदावत एकमेकांत मिसळली आहेत आणि मधली भिंत कमानीसारखी उरली आहे. यांना रांजणखळगे म्हणतात. पुराच्या पाण्यात भोवरे तयार होतात. कातळावरच्या एखाद्या छोट्या खाचेत दोन-चार गोटे अडकले की भोवरा त्यांना तिथेच गरगर फिरवतो. जात्याच्या पाळीखाली दाणे भरडले जावेत तसा खालचा कातळ भरडला जातो आणि गोटेही झिजत जातात. एका पावसाळ्यात फरक दिसत नाही, पण हजारो पावसाळ्यांत खळगा रांजणाएवढा होतो. काही विवरांत वाकून पाहिले की तळाशी तेच गोटे सापडतात. त्यांची प्रत्येक कड घासून गोल झालेली असते आणि बोटाला कुठेही खडबडीतपणा लागत नाही. महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध रांजणखळगे कुकडी नदीवर निघोजला आहेत आणि त्यांची कीर्ती रास्तच आहे. सहस्रकुंडला खळगे आणि धबधबा दोन्ही एकाच जागी पाहता येतात, तरी त्याकडे हवे तितके लक्ष गेलेले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

इथले पाणी आता पूर्णपणे पावसाच्या हाती नाही. वरच्या अंगाला इसापूरला उर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे मोठे धरण आहे. त्याच्या कालव्यांनी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतली शेती भिजते. अर्धापूरच्या केळीच्या बागांना याच पाण्याचा आधार आहे. धरण भरेपर्यंत वरचे पाणी तिथेच अडते. पण धरणाच्या खाली हिंगोलीकडून येणारी कयाधू पैनगंगेला मिळते आणि शिवाय कितीतरी ओढे आहेत. म्हणून इसापूरचे दरवाजे बंद असतानाही हिंगोलीत जोराचा पाऊस झाला की सहस्रकुंड खळाळू लागते. धरण भरून विसर्ग सुरू झाला की पाणी फार झपाट्याने वाढते. काठावर ऊन असले तरी वर पाऊस पडलेला असू शकतो. शेवाळलेला कातळ, खालचे खोल डोह आणि अचानक चढणारे पाणी यांमुळे इथे जीव गेलेले आहेत. पावसाळ्यात कातळावर उतरू नये. काठावरून धबधबा पुरेसा चांगला दिसतो.

इस्लापूर सोडून किनवटच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग दाट होऊ लागतो. सागाचे पान हातभर लांब, खरबरीत. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लालभडक होतो, आणि गावातली पोरे ही गंमत पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. साग पावसाळ्यात फुलतो. झाडाच्या शेंड्यावर पांढुरक्या बारीक फुलांचे मोठे तुरे येतात आणि दुरून सगळ्या डोंगरावर फेस आल्यासारखा दिसतो. उन्हाळा लागताच हीच झाडे पाने टाकून देतात. पानांवाटे पाण्याची वाफ होत असते. जमिनीत ओल नसताना ती थांबवण्याचा झाडापुढचा उपाय म्हणजे पानगळ. त्यामुळे एप्रिलमध्ये इथे आलेल्याला रान मेल्यासारखे वाटते आणि जुलैत आलेल्याला तेच रान ओळखू येत नाही. सागाबरोबर ऐन, धावडा, सालई, तेंदू, बिबा, पळस, मोह आणि बांबू आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण रानात पळसाचा केशरी रंग तेवढा उठून दिसतो.

या झाडांमध्ये मोहाला वेगळा मान आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याला फिकट पिवळी, मांसल, गोड वासाची फुले येतात. ती रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. उजाडायच्या आत बायामुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. आधी जमीन झाडून ठेवलेली असते, म्हणजे फुले वेचायला सोपी जातात. ऊन चढले की ती मऊ पडतात, गुरे आणि अस्वलेही त्यांवर टपून असतात, त्यामुळे पहाटेचे दोन-तीन तासच महत्त्वाचे. वाळवलेली फुले वर्षभर टिकतात. ती खाण्यात येतात, विकली जातात, त्यांची दारूही होते. फळाच्या बियांपासून तेल निघते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. रानातून मिळणाऱ्या या उत्पन्नावर अनेक घरांचा उन्हाळा निघतो. याच हंगामात वणव्यांचा धोका असतो, कारण झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढण्याऐवजी जाळण्याची सवय काही ठिकाणी आहे आणि त्या आगी पसरतात. वणव्यात सागाचे मोठे झाड तगते, पण रोपे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी होरपळतात.

अभयारण्यात बिबट्या, अस्वल, चितळ, नीलगाय, रानडुक्कर असे प्राणी आहेत. एका छोट्या फेरीत ते दिसतीलच असे नाही. ताडोबासारखी इथे जिप्सींची रांग नसते आणि सफारीसाठी यावे असे हे रान नव्हे. त्याचे महत्त्व दुसरे आहे: ते एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्या प्राण्यांच्या वाटेवर आहे. २०१९ मध्ये हे फार स्पष्टपणे दिसले. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ पट्टा बसवला होता. तो वाघ जूनमध्ये टिपेश्वर सोडून निघाला आणि आदिलाबाद, नांदेड, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशीम असा भटकत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल तेराशे किलोमीटरच्या आसपास झाली होती. त्याला पुढे ‘वॉकर’ म्हणून ओळखले गेले. वयात आलेल्या नर वाघाला जन्मगावी जागा उरत नाही. स्वतःची हद्द आणि मादी शोधायला त्याला बाहेर पडावेच लागते. वाटेत शेते, रस्ते आणि गावे लागतात. दिवसा लपायला आणि शिकार मिळवायला मधे मधे रानाचा आडोसा लागतो, आणि पैनगंगेच्या वळशातले जंगल असा आडोसा देते. नदीही त्याच्या सोयीची आहे. काठाकाठाने झाडी आहे, उन्हाळ्यात डोहांत पाणी टिकते आणि वाघ पोहण्यात पटाईत असतो.

किनवटच्या पुढे माहूर. रेणुकामातेचे हे स्थान महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक मानले जाते. दत्तशिखर आणि अनसूया शिखर हे शेजारचे दोन डोंगरही तितकेच पूज्य आहेत. उखळात कुटलेला विड्याचा तांबूल हा रेणुकेचा प्रसाद. त्याचा लाल, ओलसर गोळा हातावर घेऊन पायऱ्या उतरणारी माणसे इथे कायम दिसतात. नवरात्रात गर्दीने डोंगर फुलून जातो, म्हणून निसर्ग पाहायला येणाऱ्याने तो पंधरवडा टाळावा. दत्तशिखरावरून पाहिले की डोंगरांचे सपाट माथे एका पातळीत दिसतात आणि उतारांवर आडव्या पायऱ्या मोजता येतात. या पायऱ्या म्हणजे सहस्रकुंडला पाहिलेले लाव्ह्याचे थर. इथे ते उभ्या छेदात दिसतात. मूळ पठार एकसंध होते. नदीने आणि ओढ्यांनी ते कापून काढले आणि जे उरले त्यांना आता डोंगर म्हणतात. गावाजवळ याच खडकात कोरलेली लेणी आहेत, लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. माहूरचा किल्ला, मातृतीर्थाचे तळे आणि शेख फरीदच्या दर्ग्याजवळचा वझरा धबधबा हेही एका दिवसात होतात. वझऱ्याला भर पावसाळ्यातच जावे. या भागात निम्न पैनगंगा धरणाचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे आणि बुडीत क्षेत्रातल्या गावांचा त्याला तितकाच जुना विरोध आहे. नदीचा हा पट्टा आज जसा आहे तसा पाहून ठेवावा, असे वाटायला तेही एक कारण आहे.

माहूर-किनवटच्या ईशान्येला पैनगंगेच्या आसपास उनकेश्वर आहे. इथे जमिनीतून गरम पाणी येते. महादेवाचे देऊळ आणि बांधीव कुंडे आहेत, पाण्यातून अधूनमधून बुडबुडे वर येतात. शरभंग ऋषींना जडलेला त्वचारोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगितली जाते, आणि कातडीच्या दुखण्यांसाठी लोक आजही इथे स्नानाला येतात. कोमट-गरम पाण्याने अंग मोकळे होते हे खरे. पण डॉक्टरांचे औषध थांबवून नुसत्या स्नानावर भरवसा ठेवू नये.

गरम पाण्याचे झरे म्हटले की खाली ज्वालामुखी धुमसत असेल, असे अनेकांना वाटते. इथे तसे काही नाही. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाले. पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसतशी उष्णता वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस, असा तिचा हिशेब असतो. पावसाचे पाणी एखाद्या भेगेतून एक-दीड किलोमीटर खाली उतरले, तरी ते अंघोळीच्या पाण्याहून जास्त तापते. त्याला परत वर यायला मोकळी, उभी वाट मिळाली तर ते थंड व्हायच्या आत पृष्ठभागावर पोहोचते. उनकेश्वरला ही वाट खडकातल्या मोठ्या भ्रंशाने दिली आहे. तेलंगणातल्या कद्दमकडून वायव्येला येणारा हा भ्रंश भूशास्त्रात कद्दम भ्रंश म्हणून ओळखला जातो. पाणी खाली असताना खडकांतले क्षार विरघळवून घेते, त्यामुळे त्याची चव साध्या पाण्यासारखी नसते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी इथल्या जीवाणूंचा अभ्यास केला आहे. जास्त तापमानात जगणाऱ्या जीवाणूंची विकरे उष्णतेत निकामी होत नाहीत, म्हणून उद्योगांना त्यांचे मोल असते.

उनकेश्वर समजून घेताना लातूरचा विचार करणे उपयोगी ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर तिथे जे खोल वेधछिद्र घेण्यात आले, त्यात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याखाली अतिप्राचीन, ग्रॅनाइटासारखे खडक लागले. काळ्या मातीखाली आणि काळ्या खडकाखालीही जुन्या भेगा असलेली जमीन आहे, हे मराठवाड्याला त्या दिवशी फार मोठी किंमत मोजून कळले. पूर्वेकडे जावे तसतसा बेसाल्टचा थर पातळ होतो. देगलूर-बिलोलीकडे खालचा ग्रॅनाइट उघड्यावर येतो आणि तिथल्या टेकड्या गोल धोंड्यांच्या राशींसारख्या दिसतात. किनवटच्या पुढे बेसाल्टखालून दुसराच खडक डोके वर काढतो. तो आहे चुनखडी. भूशास्त्रात या खडकांच्या गटाला पैनगंगेचेच नाव दिलेले आहे. ते प्राचीन समुद्राच्या तळाशी साचले. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मानतात, म्हणजे त्या वेळी जमिनीवर झाडे नव्हती आणि प्राणीही नव्हते. लातूरला शेकडो मीटर खाली दडलेला जुना पाया या कोपऱ्यात पायाखाली येतो, आणि उनकेश्वरचे पाणी त्याच्याच भेगांतून वर चढते.

फेरीसाठी सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. तेव्हा धबधब्याला पाणी असते, खळगे उघडे पडू लागतात, रान हिरवे असते आणि ओढ्यांवरचे पूल पाण्याखाली जात नाहीत. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांत दंडारीचा नाच असतो. मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्सप्रेस नांदेडमार्गे किनवटला थांबते. लातूरकरांनी नांदेड गाठून पुढे भोकर-हिमायतनगरचा रस्ता धरावा. मुक्कामाची सोय माहूरला सर्वांत चांगली, त्याखालोखाल किनवटला. बंदी भागातल्या आणि अभयारण्यातल्या रस्त्यांवर अंधार पडायच्या आत बाहेर यावे आणि आत शिरण्यापूर्वी वनविभागाच्या नाक्यावर विचारणा करावी.

उनकेश्वरच्या पुढे पैनगंगा महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा बनते. उजव्या हाताला आदिलाबाद आणि नंतर चंद्रपूर, डाव्या हाताला यवतमाळ. त्या पट्ट्यातल्या चुनखडीवर कोरपना आणि गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने उभे आहेत. घुग्घुसजवळ वढा इथे पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. नांदेड शहराच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तर कडेने वाहणारी पैनगंगा यांच्या पाण्याची भेट होते ती तिथे.